पन्नास कमी

जयवंताबाईकडं मेंढरं किती, हे गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. शेजारचा बिभीषण वर्षातून दहादा विचारायचा आणि दरवेळी त्याला "हायेत की साठेक" एवढंच उत्तर मिळायचं. होती एक्क्याऐंशी. भरला आकडा तोंडातून काढला की दृष्ट लागते, कळपात रोग शिरतो, हे ती सासूकडून शिकली होती आणि सासू तिच्या सासूकडून. या रीतीनं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, तेव्हा त्यावर फेरविचार करायचं कारणही पडलं नव्हतं.

तिची नात रेणू नऊ वर्षांची, दम्याची पोर. मुलगा रामप्रसाद आणि सून वर्षाराणी जालन्याला लोखंडाच्या कारखान्याजवळ राहायचे. तिथल्या धुरानं पोरीची छाती भरायची, म्हणून तिला मंठ्याजवळच्या या गावी आजीकडं आणून ठेवली होती. मंठ्याच्या दवाखान्यातल्या साधना सिस्टरनं पहिल्याच भेटीत रेणूच्या हातात एक प्लास्टिकची नळी दिली आणि जयवंताबाईच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी पोरीनं नळीत जोरानं फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा ॲपमध्ये भरायचा. हिरवा रंग आला तर नेहमीचा औषधाचा पंप, पिवळा आला तर जादा पंप आणि सिस्टरला फोन, लाल आला तर थेट दवाखाना.

"पहिले पंधरा दिवस नीट भरा, आजी," सिस्टर म्हणाली. "त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे रेणूची पूर्ण ताकद. पोरगी कमी पडून राह्यली का, ते ॲप त्याच्यावरूनच ठरवणार. इथं मलाबी दिसत राहील."

जयवंताबाईनं सगळं ऐकलं. मेंढरं घरापासून लांब, लिंबाखाली नेली. चूल पडवीच्या बाहेर मांडली. नळीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, तिनं ते फुंकणी करून टाकलं.

"आज्जे, दोनशे साठ!" दुसऱ्याच सकाळी रेणू ओरडली.

"हळू बोल की, बया! साऱ्या गल्लीला ऐकवून राह्यलीस का?" जयवंताबाईनं आधी दार लोटलं आणि मग मोबाइलमध्ये दोनशे दहा भरलं.

"पण दोनशे साठ आलेत ना?"

"आले तर आले. दवाखान्यात दहा जण बघतेत. पोरीचं भरलं माप कशाला दाखवायचं? घरातली गोष्ट घरात."

पंधराच्या पंधरा दिवस हेच चाललं. फुंकणी काहीही सांगो, दोनशे दहाच्या वर आकडा गेला नाही. ॲप रोज हिरवं. दवाखान्याचाही बंदोबस्त झाला आणि दृष्टीचाही, याचं जयवंताबाईला मनापासून समाधान होतं.

मग सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या आणि गावभर भुसा उडायला लागला. एका सकाळी रेणूनं फुंकलं तर काटा एकशे सत्तरवर थांबला. आता एवढ्याशा आकड्याला कोण दृष्ट लावणार? जयवंताबाईनं तो जसाच्या तसा भरला. ॲप हिरवं झालं.

पोरीच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. आजारी मेंढरू नुसत्या श्वासावरून ओळखणारी ती बाई, तिला ती ऐकू आली नाही असं नाही. पण दवाखान्याचं ॲप ठीक म्हणतंय.

"मोबाइल हिरवा म्हणतो, मंग बराबरच आसंल," असं म्हणून तिनं रेणूच्या पाठीला दप्तर अडकवलं.

दुपारी शाळेतून निरोप आला. रेणू व्हरांड्यात पुढं वाकून बसली होती, खांदे वरखाली होत होते आणि एक वाक्य पुरं बोलवत नव्हतं. बिभीषणनं मोटारसायकल काढली, मधे रेणूला बसवलं, मागं आजी, आणि गाडी मंठ्याकडं सुटली.

दवाखान्यात रेणूला वाफेचा मास्क लावला. साधना सिस्टर कॉम्प्युटरकडं बघत होती.

"आजी, सकाळी एकशे सत्तर होतं, म्हणजे हिरव्यात. आकडा बरोबर भरल्ता ना?"

"जसाच्या तसा भरल्ता." आणि ते खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, "हिरव्यात असूनही एवढा त्रास होतो, म्हणजे हे औषध तिला पुरत नाही. डोस दुप्पट करावा लागेल."

मास्कच्या वरून रेणू आजीकडं बघत होती. तिला सगळं माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी ती बोलली नसती, कारण घरातली गोष्ट घरात. बाकावर चार अनोळखी बायका कान देऊन बसल्या होत्या आणि दारात बिभीषण उभा होता. जयवंताबाई सिस्टरजवळ सरकली.

"दोनशे साठ," ती म्हणाली.

"काय?"

"तिची पुरी ताकद. दोनशे दहा मी भरल्तं. वरचे पन्नास झाकून ठेवल्ते, दृष्ट लागंल म्हणून."

 सिस्टरनं कॉम्प्युटरवर आकडा बदलला आणि पडदा आजीकडं वळवला. सकाळचा हिरवा ठिपका पिवळा झाला होता.

"दोनशे दहातले एकशे सत्तर म्हणजे चालण्यासारखं, दोनशे साठातले म्हणजे लई कमी. हे सकाळीच दिसलं असतं, आजी. जादा पंप दिला असता, मला फोन केला असता."

"म्हंजे मीच तिचा दम झाकून ठेवला," जयवंताबाई म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोस दुप्पट झाला नाही. चार दिवसांचं औषध देऊन डॉक्टरांनी संध्याकाळी घरी सोडलं.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी रेणूनं फुंकलं आणि सवयीनं कुजबुजली, "दोनशे पंचावन्न."

जयवंताबाईनं एकेक आकडा दाबून तेवढंच भरलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून बिभीषणनं विचारलं, "मावशी, किती आलं आज पोरीचं?"

तिनं एकदा रेणूकडं बघितलं.

"दोनशे पंचावन्न!" ती मोठ्यानं म्हणाली. लगेच तिनं मीठ-मोहऱ्या घेऊन रेणूवरून उतरवल्या आणि धूर नको म्हणून चुलीत न टाकता लांब उकिरड्यावर नेऊन फेकल्या.

"अन् मेंढरं किती झाली?" बिभीषणनं पाठोपाठ विचारलं.

"हायेत की साठेक," जयवंताबाई म्हणाली.