दोष नाही, असं मी ठणकावून सांगितलं

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस प्रोग्राम आहे. टेलिफोनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कचेरीत, कोपऱ्यातल्या संगणकावर माझा मुक्काम असतो. मला घडवलं एका इंजिनिअर बाईंनी. सगळे त्यांना चिडवून 'शंकासूर' म्हणत.

माझं काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही हं! सॉफ्टवेअरने कसं वागायचं, ते बाई गणिताच्या भाषेत लिहून देत. मग आधी कोण फोन ठेवेल, नंतर कोण उचलेल, असे सगळे, अगदी सगळे क्रम मी तपासायचो. चाचणीवाली मंडळी हजार फोन लावून दमत. मी कोट्यवधी शक्यता धुंडाळूनही टुणटुणीत! साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणजे संगणकाची, पण ती माझीच समजा.

पुढे बाईंची दुसऱ्या विभागात बदली झाली. नंतरची मंडळी कायम घाईत. सॉफ्टवेअर बदलायची, पण माझ्याकडचं लिखाण बदलायला वेळ कुणाला? मी आपला जुनंच वाचून ठणकावायचो, "दोष नाही!"

अशातच रुग्णवाहिकेच्या नंबरासाठी नवी सोय झाली. पाच सेकंदांत कुणी उचलला नाही, तर फोन आपोआप दुसऱ्या टेबलावर जाणार. सोमवारी ती सुरू व्हायची होती. शुक्रवारी बाई सहज डोकावल्या.

"याच्याकडचं लिखाण कधीचं आहे हो?"

"दोन वर्षांपूर्वीचं," साहेब चाचरले. "पण दोष नाही म्हणतोय ना तो!"

"कशात नाही? जुन्यात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी खुर्ची ओढली आणि नवं सगळं लिहून दिलं. चाळीस मिनिटांत मी दोष पकडला. पहिल्या टेबलाने नेमका पाचव्या सेकंदाला फोन उचलला, तर त्याच क्षणी तो पुढेही ढकलला जाणार, आणि दोन्ही टेबलं समजणार, फोन पलीकडच्या टेबलाकडे आहे. फोन करणाऱ्याला काहीच ऐकू येणार नाही.

"अहो, असं लाखात एकदा होणार," साहेब म्हणाले.

"त्या एकाच्या घरी कुणीतरी तडफडत असेल, साहेब."

साहेबांनी लगेच माणसं दुरुस्तीला बसवली. रविवारपर्यंत दुरुस्ती झाली. मी पुन्हा सगळं तपासलं, तेव्हा कुठे 'दोष नाही' म्हटलं.

बुधवारी बाईंनी माझ्यासमोर बसून एक नोंद मोठ्याने वाचली. एक फोन नेमका पाचव्या सेकंदाला उचलला गेला होता, आणि पहिलं वाक्य होतं, "बोला, गाडी कुठे पाठवू?"

मित्रांनो, तपासण्यात मी चुकत नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त जे बदलाल, ते आधी मला सांगत जा. पलीकडे कुणीतरी फोन कानाला लावून थांबलेलं असतं.