जाळीवरची चटई

आमच्या कारखान्याच्या कँटीनची खिडकी आवारावर उघडते. त्यामुळे चहा गाळता गाळता मला माझी लेक दिसते, आणि ती कामावर असताना मी अशी बघत राहिलेली तिला मुळीच खपत नाही. न खपो. पोटची पोर आहे, बघणारच.

तिच्याकडे आवारातल्या पावसाच्या पाण्याचं काम आहे. भंगार, तेलाची पिंपं, ग्रीसने माखलेले सांगाडे, सगळं उघड्यावर पडलेलं असतं आणि पावसात धुऊन निघतं. ते पाणी मधल्या लोखंडी जाळीतून जमिनीखालच्या टाकीत उतरतं. तिथे वर आलेलं तेल काढून घेतात, गाळ तळाशी बसतो, आणि मगच पाणी मागच्या ओढ्यात सोडतात. ही सगळी सोय साहेबांच्या मागे हात धुऊन लागून तिनेच करून घेतली. हा हट्टीपणा माझ्याकडून आलाय, तिच्या बापाकडून नाही.

त्या दुपारी ट्रक भरणं चाललं होतं आणि पाऊस कोसळला. पेट्या उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर माझा थोरला भाऊ होता. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बघते तर पाणी जाळीत उतरेचना! तेलाचे रंग मिरवत ते सरळ गेटकडे निघालं होतं. गेटाबाहेर नाला, आणि नाला थेट ओढ्याला मिळतो.

जाळीवर रबराची जाड चटई होती आणि चटईवर पेट्यांची चळत. चटई कुणाची ते मला ठाऊक होतं. जाळीवरून चाक गेलं की भावाच्या कमरेत हिसका बसतो, म्हणून त्यानेच ती टाकली होती.

लेक धावत आली. तिने ट्रक थांबवला आणि वाळूच्या गोण्या गेटात आडव्या लावून घेतल्या. पाणी अडलं आणि आवारात चढायला लागलं. तेवढ्यात साहेब छत्री घेऊन बाहेर आले.

"ट्रक आत्ताच्या आत्ता निघायला हवा. काढा त्या गोण्या!"

"पाणी टाकीत उतरल्याशिवाय नाही, साहेब."

"अहो, माझ्या बुटात पाणी गेलंय!"

"बुटात चालेल. ओढ्यात नाही चालणार."

साहेबांचा पारा चढला. "ही चटई टाकली कुणी?"

भावाने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मी तशीच पावसात गेले आणि लेकीच्या कानाशी लागले, "नाव घेऊ नकोस गं. मामा आहे तुझा. कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय त्याने तुला."

"ओढ्याला मामा नाही, आई," ती म्हणाली, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग त्याच्याकडे वळली. "मामा, चटई तुमची आहे. आधी पेट्या हलवा, मग माझ्यावर हवं तेवढं रागवा."

भावाचा चेहरा लालबुंद झाला. पण त्याने पेट्या उचलल्या, खाली उतरून चटई ओढून काढली, आणि पाणी घळघळ जाळीत उतरलं. गोण्यांच्या पलीकडे थेंबही गेला नव्हता. साहेब बूट काढून उभे होते. "झालं की सांगा मला," एवढंच म्हणाले, आणि चक्क अदबीने म्हणाले. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. भावाची भीती होतीच, पण अभिमान त्या भीतीवर चढून बसला होता.

पाऊस थांबल्यावर लेक ओढ्याचं पाणी बघायला गेली. दुपारपासून चहाला न शिवलेला भाऊ तिच्या मागोमाग निघाला. आता हा तिला एकटी गाठून काय काय बोलतो, या काळजीने माझं दूध उतू गेलं.

बऱ्याच वेळाने तो एकटाच परतला. गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात काचेची बाटली. ती त्याने ड्रायव्हर मंडळींच्या मधोमध टेबलावर ठेवली. पाण्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

"हे काय?" ट्रकवाल्याने विचारलं.

"पाणी. माझ्या भाचीने राखलेल्या ओढ्याचं," भाऊ म्हणाला. "बघायचं, हात लावायचा नाही. तपासायला जायचंय ते."