शिट्टीसाहेबांची परीक्षा

नकाशांच्या त्या सरकारी कार्यालयात किती संचालक आले नि गेले, पण लोकांचं धाबं दणाणायचं ते शिट्टीसाहेबांच्या नावाने. खरं नाव पगारपत्रकापुरतं. ते सुरक्षा आणि आपत्कालीन व्यवस्थेचे प्रमुख होते आणि त्यांच्या गळ्यात दोरीला पितळी शिट्टी असायची. ती वाजली की कितीही मोठ्या अधिकाऱ्याने हातातला चहा ठेवून जिना गाठायचा. सरावाच्या वेळी गुपचूप लिफ्टकडे वळलेल्या एका उपसंचालकांची साहेबांनी भर आवारात अशी काही हजेरी घेतली, की तो भला माणूस पुढे निवृत्त होईपर्यंत लिफ्टमध्ये चढला नाही.

साहेबांची आणखी एक खोड होती. मनात आलं की ते आपलं ओळखपत्र घरी ठेवायचे आणि फाटकावर येऊन आत सोडायला सांगायचे. कधी ओळखीचं हसून, कधी डोळे वटारून. कधी अगदी काकुळतीला येऊन, "अरे, आईला दवाखान्यात नेलंय, आत जाऊन एक फोन करू दे." एकदा तर म्हणे खरोखरचं पाणी काढलं होतं डोळ्यांतून. जो विरघळला आणि ज्याने दांडा वर केला, तो नापास. लगेच शिट्टी, आणि सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत. "चेहरा म्हणजे कार्ड नव्हे! माझा चेहरासुद्धा नव्हे!" जो अडवून धरायचा त्याच्या खांद्यावर थाप पडायची आणि साहेबांच्या खर्चाने चहा मिळायचा.

साहेब निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्याच खुर्चीत त्यांची मुलगी बसली. वशिल्याचं नाव काढू नका. परीक्षा देऊन, दुसऱ्या खात्यांत झिजून ती इथे आली होती. कार्यालयात ती मॅडम, घरी मात्र चिमणीच. ती रुजू झाली तेव्हा साहेबांची बुद्धी शाबूत होती. त्यांनी बजावलं होतं, "चिमणे, तिथे बाप आणि लेक असलं काही नाही हं. उद्या मी दारात आलो तरी कार्ड माग." ती खदखदून हसली होती.

मग साहेब विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. फक्त नोकरी तेवढी विसरले नाहीत. चिमणीला मिळालेलं सरकारी घर कार्यालयाच्या पाठीमागेच, त्यामुळे ते रोज सकाळी शर्टाला इस्त्री करायचे, गळ्यात शिट्टी अडकवायचे आणि कामावर निघायचे. फाटकावर पैलवान असायचा. अंगात मूठभर मांस नाही म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. साहेबांच्या परीक्षेत एकेकाळी पास झालेला गडी. तो खाडकन सलाम ठोकून दांडा वर करायचा. साहेब मजले फिरायचे, जिन्याच्या दारात खोकी ठेवणाऱ्यांना झापायचे आणि जेवायला घरी जायचे. लोक म्हणायचे, असू दे, कुणाचं काय बिघडतंय?

चिमणीला हे सगळं कॅमेऱ्यात दिसत होतं. तिने कानाडोळा केला. खरं सांगायचं तर ते बघायला तिला आवडायचं. घरी बाबा तिच्याकडे बघून आईला हळूच विचारायचे, "या बाई कोण? राहायला आल्यात का?" आणि पडद्यावर मात्र ते ताठ मानेने जिना चढताना दिसायचे, अगदी पूर्वीचे. कुठल्या मुलीला तो पडदा बंद करवेल?

बिघडलं ते एका दुपारी. नियंत्रण कक्षातला माणूस हात धुवायला उठला आणि त्याच वेळी आगीचा इशारा वाजायला लागला. साहेब तिथेच होते. जुन्या यंत्राला उगाचच बोंबलायची सवय होती आणि साहेब बटण दाबून त्याला गप्प करायचे. त्यांनी बटण दाबलं, समाधानाने मान हलवली आणि पुढे गेले. यंत्र कधीच बदललं होतं आणि इशारा खरा होता. तळघरात बॅटऱ्या पेटल्या होत्या. झाडलोट करणाऱ्या मावशी तिथे धुरात सापडल्या. जीव वाचला, पण दवाखान्यात कितीतरी दिवस त्यांना धड वाक्य बोलता येत नव्हतं. चिमणी भेटायला गेली तेव्हा त्या माउलीने तिलाच धीर दिला. चिमणीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संचालकबाईंनी तिला बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "तुमचे वडील पुन्हा आत दिसले तर मी पोलिसांना बोलावीन. ते धरून बाहेर काढतील, सगळ्यांसमोर. आणि तुमच्या जागी दुसरं कोणीतरी येईल. माझा नाइलाज आहे."

घरी आईने दाराला कडी घातली. साहेबांनी दारावर धडका दिल्या. "आत माणसं अडकलीयेत! उघडा! अरे, कोणीतरी उघडा!" शेवटी ते कोपऱ्यात बसून रडले. चिमणीने त्यांना समजावलं, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात." साहेबांचा चेहरा पडला. "मला कोणी कळवलं नाही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच विसरून पुन्हा इस्त्री. पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच पडलेला चेहरा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. आई म्हणाली, "रोज नव्याने काय मारतेस गं त्यांना? त्यापेक्षा जाऊ दे."

"जाऊ देऊन कसं चालेल आई? तिथे पोलीस उभे राहतील."

"मग तूच उभी राहा," आई चिडून म्हणाली. रागाच्या भरात बोलली बिचारी, पण चिमणी त्या रात्री तेच घोळवत पडली.

सकाळी तिने आईला कडी काढायला सांगितलं, पैलवानाला बाजूला बसवलं आणि फाटकावर स्वतः उभी राहिली. साहेब आले. तिच्याकडे पाहिलं, कोणत्याही अनोळखी बाईकडे पाहतात तसं.

"कार्ड दाखवा," ती म्हणाली.

साहेबांनी खिसे चाचपले. "राहिलं वाटतं घरी. उघडा तुम्ही, मी इथलाच आहे."

"कार्ड नाही तर आत नाही."

"बाई, मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ठाऊक आहे. तरी कार्ड लागेल."

पैलवानाने तोंड फिरवलं. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. चिमणीला वाटलं, आता ओरडतील, किंवा आतापर्यंत घरात रडत होते तसे इथे रस्त्यात रडतील. पण आठी हळूहळू विरली आणि साहेब तोंडभर हसले. कितीतरी महिन्यांत ते असं हसले नव्हते.

"शाब्बास! चेहरा म्हणजे कार्ड नव्हे. पास झालात तुम्ही." खांद्यावर जोरात थाप पडली. "पैलवान, बाईंना माझ्याकडून चहा सांग." आणि मोठं काम उरकल्यासारखे ते घराकडे वळले. जेवले, शांत झोपले.

मग हे रोजचंच झालं. साहेब यायचे, अडवले जायचे, खूश होऊन परत जायचे. कार्यालयाला वाटलं, मॅडमनी काय शक्कल लढवली! संचालकबाईंनीसुद्धा कौतुक केलं. चिमणी रोज पास होत होती आणि रोज आतून तुटत होती. सख्ख्या बापाला दारातून परत पाठवायचं आणि वर त्याचीच शाबासकी घ्यायची. एकदा न राहवून तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं, साहेब?" साहेब म्हणाले, "बायको आहे. आणि एक बाई येऊन-जाऊन असतात. स्वभावाने बऱ्या आहेत."

थंडी पडायला लागल्यावर एक दिवस साहेब उशिरा आले. इस्त्री नव्हती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. फाटकासमोर येऊन थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"चिमणे," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं भास झाला.

"चिमणे, तू इथे उभी आहेस होय? अगं, मी तुला घरभर शोधतोय. मला काहीच सुधरत नाहीये बघ. सगळं कसं धुरकट दिसतंय. आत घे ना मला. तुझ्यापाशी बसतो थोडा वेळ."

नियम खड्ड्यात गेला, संचालकबाई गेल्या, खुर्ची गेली. तिने बटण दाबलं आणि दांडा पूर्ण वर जायच्या आतच हात पुढे केले. "या, बाबा. या."

साहेब जागचे हलले नाहीत. वर गेलेल्या दांड्याकडे त्यांनी पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांदेखत ती ओळख त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेली. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली.

"नापास!"

"बाबा, आत्ता तुम्ही मला चिमणे म्हणालात."

"म्हणालो असेन. परीक्षेत वाट्टेल ते म्हणायचं असतं. मी आईलाही दवाखान्यात टाकलेलं आहे. म्हणून तुम्ही दार उघडायचं? उद्यापासून या फाटकावर तुम्ही नकोत."

ते तरातरा निघून गेले. पैलवानाने दांडा खाली घेतला. चिमणी दिवसभर कामं करत होती, सह्या करत होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत होती. हाक खरी होती की नव्हती? आईला तिने काही सांगितलं नाही. आईच्या वाट्याला तर तेवढीही हाक आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले. कडक इस्त्री, गळ्यात शिट्टी. तिने कार्ड मागितलं, ते नव्हतं, तिने अडवलं. खांद्यावर थाप पडली. रोज ते तसेच परत फिरायचे, आज मात्र दांड्यावर हात ठेवून जरा रेंगाळले.

"तुम्ही पक्क्या आहात," साहेब म्हणाले. "काल इथे दुसरी एक होती, लगेच विरघळली. काढून टाकलं मी तिला."

आदल्या दिवशीचं त्यांना कधीच काही आठवत नसे. चिमणीने दांडा घट्ट धरला. "तिचं नाव काय होतं, साहेब?"

साहेबांनी पुष्कळ आठवून पाहिलं. शिट्टीची दोरी बोटांत फिरवत राहिले.

"नाव नाही आठवत," ते म्हणाले. "पण तिला काढायला नको होतं. गुणी होती. एक हाक मारली की धावत यायची."

मग ते घराकडे चालू लागले आणि चिमणी बंद फाटकाच्या आत, पैलवानासमोर, ढसाढसा रडली.