आईची नवी कवळी

शनिवारी सकाळी ताई शेवटच्या थांब्यावर उतरली, तेव्हा बसमध्ये ड्रायव्हर आणि कंडक्टर सोडून चिटपाखरू उरलं नव्हतं. पुढे रस्ता होता, पण त्यावर अजून नुसती खडी. दोन्ही बाजूंना एकसारख्या नव्या इमारती, काठीला बांधलेली गुडघाभर झाडं आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवरून सुटलेला वारा. आपल्या धाकट्या बहिणीने एवढ्या लांब घर घेतलं याचं ताईला मनातून थोडं बरं वाटत होतं.

थांब्यावर आई न्यायला आली होती.

ताई पाहतच राहिली. ताईकडे राहिलेल्या अकरा वर्षांत दोन जिने उतरायचे म्हटलं की हिचे गुडघे बोलायला लागायचे. आणि इथे ही बाई एकटी, पायात पांढरे बूट घालून उभी होती. वर हसत होती. सगळे दात दाखवून.

"दात बसवलेस?" ताईने पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"दोन महिने झाले की. धाकटी बोलली नाही?"

"नाही."

"राहिलं असेल. चल, ऊन लागतंय."

आता हे कुणाला सांगून पटेल असं नाही, पण ताईला लागलं ते त्या दातांमुळे. ताई सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं, असं तिथला मालक म्हणायचा. आईसाठी तिने तीन वेळा माप घेतलं होतं, तीन वेळा कवळी केली होती. प्रत्येक वेळी आईने चार दिवस घातली, 'टोचते' म्हणाली आणि कपाटाच्या खणात टाकून दिली. मग मऊ भात, पातळ सूप आणि बोलणं जवळजवळ बंद. एके काळी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती आई. हजारो लोक तिचा आवाज ओळखायचे. ताईच्या घरी तिचा तो आवाज फक्त 'हो', 'नको' आणि 'दिवा बंद कर' एवढ्यापुरता उरला होता. चार महिन्यांपूर्वी ती धाकटीकडे आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि इथेच राहिली.

"कुणी केली?" जेवताना ताईने शक्य तितक्या सहज विचारलं.

"खालच्या डॉक्टरनी," धाकटी म्हणाली. ती तिथल्या नव्या शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा कामानिमित्त महिनाभर बाहेरगावी होता. "नवीन मुलगा आहे गं. त्याची पाटीसुद्धा अजून कागदाची आहे. आईच स्वतःहून गेली."

"स्वतःहून?"

"मला तरी कुठे माहीत होतं? हसत वर आली तेव्हा कळलं."

आईने सफरचंदाची फोड उचलली आणि कचकन तोडली. तो आवाज नव्या रिकाम्या घरात चांगला घुमला. ताईने मान खाली घातली, पण सव्वीस वर्षांची नजर ऐकते थोडीच. दात एक छटा जास्तच पांढरे. डावीकडचा सुळा जरा बाहेर. आणि 'स' म्हणताना बारीकशी शिट्टी वाजत होती, कारण पुढच्या दातांच्या मागे, टाळूपाशी, त्या पोराने कवळीचा गुलाबी मसाला जाड ठेवला होता. पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीने असं काम केलं असतं तर ताईने ते परत करायला लावलं असतं. आणि हेच आईला टोचत नव्हतं.

संध्याकाळी तिघी फिरायला गेल्या. दर दहा पावलांवर कुणीतरी आईशी बोलायला थांबत होतं. फाटकावरचा रखवालदार, कुत्रं घेतलेली एक बाई, सायकलवरच्या दोन मुली. सगळ्यांची ती 'ऑपरेटर आजी'.

"उद्या पाच वाजता आहे ना वाचन?" कुत्रंवाल्या बाईने विचारलं. मग ताईकडे पाहून म्हणाली, "या कोण?"

"माझी मोठी मुलगी."

"अगंबाई, आजींना आणखी एक मुलगी आहे होय?"

ती बाई साध्या मनाने बोलली. पण ताईच्या डोक्यात ते वाक्य जे शिरलं ते बाहेर निघेना. परत येताना आई आणि धाकटी पुढे चालत होत्या, एकीच्या बोलण्यावर दुसरी खिदळत होती. ताई मागून पिशवीतला पाव सांभाळत येत होती. अकरा वर्षं. औषधं मी आणली, डोळ्यांचं ऑपरेशन मी करवलं, रजा मी टाकल्या. आणि हसायला मिळतंय ते हिला. असा सगळा हिशोब तिच्या मनात उभा राहिला. ती सख्ख्या बहिणीच्या पाठीकडे अशी बघत होती, की धाकटीने वळून पाहिलं असतं तर दचकली असती.

रविवारी दुपारी आई जेवून आडवी झाली. कवळी काढून तिने बेसिनजवळच्या वाटीत पाण्यात ठेवली होती. धाकटी चित्रांचे गठ्ठे घेऊन शाळेत गेली होती. ताई हात धुवायला गेली आणि वाटीपाशी थांबली.

सुताराने गॅलरीत काम अर्धवट टाकलं होतं. तिथे पॉलिश पेपरचा तुकडा पडला होता. नखं घासायची कानस ताईच्या पर्समध्ये होतीच. एखाद्या कडेला जरासं घासून ती धारदार ठेवली, की दोन तासांत हिरडी सोलवटते. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कुणाला कळणारही नाही. आई म्हणेल टोचतंय. मग ताई म्हणेल, बघ, मी तेव्हाच म्हणत होते.

तिने आतून कडी लावली आणि कवळी हातात घेतली.

पुढचा अर्धा तास कसा गेला, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती बसली होती वाईट करायला, यात शंका नाही. पण अंगठा सवयीने टाळूवर फिरला आणि तो जाड उंचवटा लागला. तो तसाच ठेवणं तिच्या हाताला जमेना. तिने तो उतरवला. मग मागे एक खडबडीत जागा लागली, तीही गुळगुळीत केली. डावी कड, जी बिघडवायची होती, ती शेवटी आली. कानस टेकवली, एकदा, दोनदा. आणि हात आपणहून ती गोल करत गेला. भानावर आली तेव्हा कवळी होती त्याहून चांगली झालेली होती. ताईला स्वतःचाच इतका राग आला, की तिने ती धुऊन वाटीत जवळजवळ आपटली.

पाच वाजता इमारतीखालच्या एका रिकाम्या गाळ्यात पंधरा-वीस मुलं आणि काही मोठी माणसं खुर्च्या टाकून बसली. आई पुस्तक उघडून समुद्रावर हरवलेल्या बहिणींची गोष्ट वाचू लागली. 'स' स्वच्छ. एकही शिट्टी नाही. टेलिफोन ऑफिसातला तो जुना आवाज, एकेक शब्द जिथल्या तिथे ठेवणारा, ताईने कित्येक वर्षांनी ऐकला. तिला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण वाचन संपल्यावर आई सगळ्यांसमोर म्हणाली, "आज जीभ कशी मोकळी चालली. डॉक्टर म्हणालेच होते, दोन महिन्यांत आपोआप बसेल."

आणि कोपऱ्यातला तो पोरगेला डॉक्टर लाजून हसला. ताई उठून बाहेर गेली.

बसला वेळ होता, तरी ती पिशवी घेऊन निघाली. आई तिला सोडायला आली. थांब्याच्या बाकावर दोघी बसल्या.

"रागावलीस?" आईने विचारलं.

"आई, माझी एकही कवळी तुला का बसली नाही?"

"बसायच्या की. तिन्ही बसायच्या."

"मग?"

"मी तोंड उघडलं की तू दात बघायचीस गं. मी काय बोलतेय ते कधी ऐकलंच नाहीस. रोज संध्याकाळी परीक्षा दिल्यासारखं वाटायचं. मग म्हटलं, तोंडच नको उघडायला." तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू माझं खूप केलंस. त्यात खोट नाही. पण मला कंटाळा आला होता."

समोरच्या प्लॉटवर दोन माणसं पत्र्याचं कुंपण ठोकत होती. मग ताई म्हणाली, "दुपारी तुझी कवळी मी घासली. बिघडवायची म्हणून घेतली होती."

आईने जिभेने टाळू चाचपला. बराच वेळ चाचपला.

"म्हणजे ते तू केलंस?"

"हो."

"बिघडवायची म्हणून?"

"हो."

आई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने ताईकडे असं पाहिलं, जसं लहानपणी ताप किती आहे ते बघायची. "एवढं वाईट वाटलं तुला," ती हळूच म्हणाली. "धाकटीला सांगू नकोस. तिला लागेल."

"आणि डॉक्टरला?"

"त्यालाही नको. शिकतोय बिचारा." मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी ये. पण येताना कानस घरी ठेव."

बस आली. ताई खिडकीशी बसली. आई हात हलवेल म्हणून तिने काच सरकवली, पण तेवढ्यात कुत्रंवाली बाई आली आणि आई तिच्याशी बोलत बोलत फुटपाथवरून निघूनही गेली. कसलीशी थट्टा चालली असावी, कारण आईची मान मागे गेली होती आणि हसण्याचा आवाज बसपर्यंत येत होता. ताई वाकून वाकून ऐकायचा प्रयत्न करत होती, पण ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मनातला सल काही गेला नव्हता. पण त्या दोघी कशावर एवढ्या हसत होत्या, हे शनिवारी विचारायचं, असं मात्र तिने ठरवून टाकलं.