पुडका सत्तरचा असते

मी कागद बोलतोय. दुकानात गठ्ठ्याने मिळतो तसला कोरा नव्हे. माझ्यावर धडा आहे, आणि तोही एकाच मुलीसाठी लिहिलेला. पुस्तकाच्या प्रती लाखाने निघतात म्हणे. माझी दुसरी प्रत या जगात नाही.

माझा जन्म सालेकशातला, ओमेशच्या झेरॉक्सच्या दुकानातला. पण माझी गोष्ट सुरू होते त्याआधी, निकालाच्या दिवशी. दुर्गेश्वरी पाचवीत गणितात राहिली. भागाकार आला की पोरीचा हात थांबायचा. जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यातही राहिली तर पुन्हा पाचवी, आणि मैत्रिणी मात्र एसटीत बसून सालेकशाला सहावीत. घरी येऊन तिनं आजीला, सुशिलाबाईला, सांगून टाकलं, “लहान पोट्ट्यायसंग मी नाई बसत. मंग शाळाच नको मले.”

हे तिच्या वर्गशिक्षिका पटले मॅडमच्या कानावर गेलं. मॅडम अशा, की एकदा मनावर घेतलं की उन्हाळा म्हणू नका, सुट्टी म्हणू नका. फोनवरच्या एआयला त्यांनी सांगितलं, “पाचवीतली मुलगी आहे, भागाकार येत नाही. तिला समजेल असा एक पानाचा धडा दे.” एआयनं सफरचंदं वाटायला घेतली. मॅडम वैतागल्या. “इथं सफरचंदं कोण वाटतंय? ही मुलगी घरी तेंदूपानांचे पुडके बांधते. पुडक्यांचं लिही.”

आणि मी झालो. मशीनमधून गरम गरम बाहेर पडलो तेव्हा ओमेश म्हणाला, “मॅडम, एका कागदासाठी एवढ्या उन्हात स्कुटी काढली?”

“एकच मुलगी आहे ना,” मॅडम म्हणाल्या आणि मला पर्समध्ये टाकलं.

दुपारची वेळ. विड्यांसाठी जंगलातून तोडून आणलेल्या पानांचा घरासमोरच्या छपरीत ढीग पडलेला. आजी आणि नात पुडके बांधत होत्या. दुर्गेश्वरीची बोटं बघत राहावीत अशी! पाच-पाच पानं उचलायची, चौदा वेळा उचलली की पुडका पुरा, वर दोरीची गाठ. मोजते आहे असं वाटायचंच नाही.

मॅडमनी मला तिच्या हातात दिलं. तिनं पहिली ओळ वाचली आणि मान खाली घातली. पेन्सिल घेईना, बोलेना. मॅडमचा चेहरा उतरला.

सुशिलाबाई डाफरली, “काऊन वो, तोंडात मोहफूल धरून बसली काय? बोल ना मॅडमसंग!”

तेव्हा कुठे आवाज फुटला. “मॅडम, हे चूक आहे. एका पुडक्यात पन्नास पानं लिवलेत. पुडका सत्तरचा असते. पन्नासचा नेला तर मोजून घेणारा मुन्शी आमच्याच अंगावर फेकते.”

“मी नाही गं, एआयनं लिहिलंय.”

“कोणीबी लिवो.”

आजीला हसू आवरेना. “पन्नासचा तिकडं छत्तीसगडात चालते. तुमच्या फोनातला गुरुजी तिकडचा दिसते, मॅडम!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणिताचा कागद, आणि पहिल्याच ओळीत चूक! वाटलं, आता चुलीत जातो. पण मॅडमनी पेन्सिल पुढे केली. “घे. तूच दुरुस्त कर.”

पोरीनं आजीकडे पाहिलं, फ्रॉकला हात पुसला आणि पन्नासवर अशी रेघ ओढली की मला तिथं भोक पडलं. शेजारी लिहिलं, सत्तर.

आता माझी सगळी गणितं मोडली. पाचशे पानांचे पन्नासप्रमाणे नेमके दहा पुडके व्हायचे. सत्तरप्रमाणे? दुर्गेश्वरीनं ढिगाकडे पाहिलं, ओठ हलले. “सात पुडके. दहा पानं उरली.”

“त्या दहांचं काय करशील?”

“काय करीन म्हंजे? ओल्या फडक्यात ठेवीन, उद्याच्या पुडक्यात लावीन. फेकते काय कोणी?”

“मग परीक्षेत का फेकलीस? बाकी एकदाही लिहिली नाहीस.”

पोरीचे हात थांबले. “बाकी म्हंजे हे होय?”

“हेच.”

मॅडमनी तिथंच एआयला कळवलं, पुडका सत्तरचा, दुर्गेश्वरीनं सुधारलाय, आता गणितात काहीतरी उरत जाऊ दे. मग दोन-तीन दिवसांनी एकेक नवा कागद यायचा आणि पोरगी आधी चूक शोधायची. एकदा एआयनं ऑगस्टात तेंदू तोडला. आजी म्हणाली, “भर पावसात पानं वाळवाले त्याची माय येते काय?”

पण केशोराव गुरुजी, शाळेचे मुख्याध्यापक, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. “पेपरात तेंदू येत नाही, मॅडम. तिथं खुर्च्या येतात, पेढे येतात. तवा पोरगी काय करन?”

गुरुजींचं खरं होतं. पण हातचं सोडणाऱ्या मॅडम नव्हेत. पुढच्या कागदांत तेंदू कमी होत गेला. आधी धानाची पोती आली, मग पेढे, मग नुसते आकडे. पानं गळत गेली, भागाकार तेवढा राहिला.

परीक्षेच्या दिवशी दप्तरं वर्गाबाहेर. मी पुढच्या कप्प्यात घडी होऊन पडलेलो. घंटा झाली तशी दुर्गेश्वरी धावत आली, मला ओढून काढलं आणि माझ्या पाठीवर मॅडमना गणित मांडून दाखवलं. “आठशे खुर्च्या होत्या, एका रांगेत पासष्ट. मी मनात पुडके बांधले. बारा रांगा झाल्या, वीस उरल्या. लिवल्या मी!”

ती पास झाली. काठावरच, पण सहावीच्या एसटीत खिडकीशी बसून गेली.

परवा शनिवारी ती जुन्या शाळेत आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “तुझा तो कागद दे गं. यंदा पाचवीतल्या टीनाचाही भागाकार अडलाय, झेरॉक्स काढते.”

दुर्गेश्वरीनं मला पाठीमागे लपवलं. “टीनाच्या घरी तेंदू कुठं आहे, मॅडम? बकऱ्या आहेत. तिले बकऱ्यायचं बनवून द्या. अन् एखादी चूक राहू द्या, ती पकडन.”

“मुद्दाम कशाला? फोन चुका करतोच की!” मॅडम हसल्या आणि टीनाला जवळ बोलावून विचारू लागल्या, “बकऱ्या किती गं तुमच्या?”

मी आता तिच्या कंपासपेटीत असतो, रोज एसटीनं जातो-येतो. घड्यांवर फाटत आलोय, फार दिवस टिकेन असं नाही. माझं एवढंच सांगणं आहे, माझी झेरॉक्स काढू नका. ज्याचा धडा त्याला विचारून करा, आणि कागदाबरोबर त्याच्या हातात पेन्सिलही द्या. मला पडलेलं ते भोक कुणी विचारलं तर मी लपवत नाही. त्याच्या शेजारचा सत्तर मात्र अजून ठळक आहे.