राजा हसत नाही

शाळेच्या पडवीत कृष्णातनं मान मागं टाकून गडगडाटी हास्य केलं, आणि तालीम बघायला जमलेल्या बायकाही त्याच्याबरोबर हसल्या.

नाथाजीनं हातातले कागद मांडीवर आपटले. पलटणीतून रजेवर आलेला नाथाजी जत्रेसाठी नाटक बसवत होता. गोष्ट त्याच्याच डोक्यातली. काळजित नावाच्या राजानं अख्खी नदी डोंगरात कोंडलेली. बाहेरच्या कोरड्या मुलखात दिलेली त्याची बहीण जीव वाचवून आश्रयाला येते आणि राजा तिला खदाखदा हसत हाकलून देतो. कृष्णात पैलवान अंगानं राजा शोभत होता, पण या राजाची चीड कुणालाच येत नव्हती.

नाथाजीची थोरली बहीण साळूबाई खांबाला टेकून शेंगा फोडत बसली होती. नाथाजीनं तिलाच विचारलं, कुठं चुकतंय.

"त्यो हसतोय न्हवं," साळूबाई म्हणाली. "हसनाऱ्याला ठावं असतंय, आपन वाईट करतोय. त्येचं कसलं भ्या?"

"मग काय करू दे, आक्का?"

"बहिनीला आधी इचारू दे, जेवलीस का. पोटभर घालू दे. आन मग सोता नेऊन सोडू दे."

नाथाजी तिच्याकडं बघत राहिला. साळूबाई सासरहून पळून आली होती, तेव्हा तो पलटणीत होता. थोरल्या भावानं, आप्पासोंनी, तिला परत नेऊन घातली, एवढंच त्यानं ऐकलं होतं. पुढं ती कायमची माहेरी आली, ती एका कानानं बहिरी होऊन.  नाथाजीनं राजाचं बोलणं बदललं.

साळूबाईनं ते निव्वळ नाटकासाठी सांगितलं नव्हतं. आप्पासोंची लेक अंजना जत्रेला म्हणून कराडहून, सासरहून आली होती. तिच्या मनगटावर, बांगड्यांच्या आड, काळानिळा वळ होता. परत जायचं नाही, असं तिनं बापाला सांगून बघितलं होतं. आप्पासो रागावले नव्हते. तिच्या भाकरीवर तूप घालत ते म्हणाले होते, जत्रा झाली की मी सोता गाडीत बसवतो.

जत्रेच्या संध्याकाळी आप्पासो पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. मागं बायकांत साळूबाई आणि अंजना.

दारात कोसळलेल्या बहिणीला कृष्णातनं उठवलं.

"जेवलीस का, बाय?"

आवाज इतका हळू होता, की मागची माणसं पुढं सरकून ऐकू लागली. राजानं बहिणीला आपल्या हातानं घास भरवला, अंगावर शेला घातला आणि तिला डोंगराच्या दाराबाहेर नेलं. तुझ्याच भल्याचं हाय, म्हणाला. मागं कुणी म्हातारी पचकन थुंकली. साळूबाई रंगमंचाकडं बघतच नव्हती. आप्पासोंची पाठ हलत होती. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. अंजनानं आत्याचा हात घट्ट धरला.

घरी येताना आप्पासो चावडीपाशी थांबून म्हणाले,

"त्या राजाचं लय वाईट वाटलं बघ, साळे. समदी त्येला शिव्या घालत हुती. त्यानं तरी काय करायचं? त्येला राज्य संबाळायचं हुतं."

साळूबाईच्या हातातला अंजनाचा हात सैल पडला.

सकाळी आप्पासोंनी अंजनाची ट्रंक उचलून ओट्यावर ठेवली. साळूबाई आतून आपलं बोचकं घेऊन आली. पोरीसंगं मी जाते, म्हणाली. आप्पासोंना बरं वाटलं. तू चार शब्द सांगितलेस तर ऐकंल ती, असं म्हणून त्यांनी दोघींना फाट्यावर आणलं, ट्रंक टपावर चढवली आणि खालूनच कंडक्टरला सांगितलं, दोन कराड. साताऱ्याला जाणारी ती गाडी हलली, तरी ते हात वर करून उभे होते.

अंजना खिडकीला डोकं टेकून बसली होती. कंडक्टर तिकिटांची पेटी उघडत जवळ आला.

"दोन कराड न्हवं?"

साळूबाईनं कमरेची पिशवी सोडली.

"कराड नगं. सातारा द्या," ती म्हणाली. "आन तितनं पाचगणीची गाडी कुठं लागती, त्ये बी सांगा."

अंजनानं डोकं उचललं.

"तितं माझी मावसबहीन हाय," साळूबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "शाळंच्या पोरास्नी रांधती."