त्रेसष्टाव्या पानानंतर

दर नोव्हेंबरात लिस्बेट फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडं लिहायची 'शूर', उजवीकडं 'रडका', आणि मुलांना हात वर करायला सांगायची. तेवीस वर्षं तिनं शेवटच्या वर्गाला एकच कादंबरी शिकवली, 'ओहोटीचं वर्ष', आणि तेवीस वर्षं वर्ग जवळपास निम्मानिम्मा फाटत आला. याचा तिला कोण अभिमान! ज्या पुस्तकावरून पोरं भांडतात ते पुस्तक जिवंत, असं ती नव्या शिक्षकांना ऐकवायची.

कादंबरीची गोष्ट साधी. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातला सतरा वर्षांचा आनर्स. बाप अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, आई केव्हाच गेलेली. एका सकाळी हा बस पकडून कोपनहेगनला पळतो, छापखान्यात लागतो, प्रेमात पडतो, आपटतो, मोठा होतो. शेवटच्या पानावर पुलावर उभा राहून म्हणतो, 'आता माझी कोणी वाट पाहत नाही,' आणि त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास येतो.

"बापाला टाकून पळाला आणि वर दोनशे पानं रडतोय!" यंदाही मागच्या बाकावरून येप्पे ओरडला.

"घुसमट म्हणजे काय ते तुला कुठून कळणार?" मालूनं तिथल्या तिथं सुनावलं. "तुझी आई अजून तुझा डबा भरते!"

वर्ग खदखदला. लिस्बेट हात मोजत होती. अकरा शूर, दहा रडका. एक हात कमी भरला.

"आस्ता, तू कुठं?"

आस्ता खिडकीशी बसायची. फारशी न बोलणारी मुलगी. आईचे सांधे धरलेले, थोरला भाऊ शिकायला राजधानीत. घरचं सगळं हिच्या अंगावर. सकाळच्या पहिल्या तासाला ती बऱ्याचदा धापा टाकत यायची.

"मी कुठंच नाही," ती म्हणाली. "मला एल्सेचं कळलं नाही."

"कोण एल्से?" येप्पेनं विचारलं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वर्गाला तोच प्रश्न पडला होता.

"त्याची बहीण. त्रेसष्टाव्या पानावर ती कपडे वाळत घालत असते. हा जाताना तिला म्हणतो, संध्याकाळी येतो. त्यानंतर ती पुस्तकात नाहीच. मग शेवटी तो म्हणतो की माझी कोणी वाट पाहत नाही. ते खोटं आहे ना? ती पाहतेय. बापाला सांभाळतेय आणि वाट पाहतेय. मला वाटतं मोठी तीच झाली, पण तिला पानं दिली नाहीत."

एखाद्या शिक्षिकेला आयुष्यात दोनतीनदा असं वाक्य ऐकायला मिळतं, आणि लिस्बेटला ते ओळखता येत नव्हतं असंही नाही. पण ती स्वतः सतराव्या वर्षी तशाच गावातून तशाच बसनं निघाली होती. हे ती दरवर्षी मुलांना सांगायची, दरवर्षी आवाज जरा जड व्हायचा. मागं एक बहीण होती, टोवे, तिनं मासळीच्या कारखान्यात राबून बापाला शेवटपर्यंत सांभाळलं, हे मात्र सांगायचं राहून जायचं. मुद्दाम नव्हे. विषयात बसत नव्हतं.

"एल्से गौण पात्र आहे, आस्ता," लिस्बेट म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच जरा चढा वाटला. "पुस्तक कोणाचं आहे ते आधी बघ."

आस्तानं पुढं निबंधातही तेच लिहिलं, आठ पानं भरून. लिस्बेटनं खाली लाल शाईत दोन शब्द लिहिले: विषयाला सोडून. येप्पे महिनाभर तिला 'ए एल्से' म्हणून हाका मारत होता. पुढं तेही थांबलं.

जूनमध्ये तोंडी परीक्षा आली. टेबलावर हिरवं कापड, त्यावर कॉफीचा थर्मास आणि पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्या. प्रश्न विचारायला लिस्बेट, आणि शेजारी बाहेरच्या शाळेतून आलेला परीक्षक, प्रेबेन. चष्मा कपाळावर चढवून ऐकणारा, तोलूनमापून बोलणारा माणूस. कुणाच्या नात्यागोत्यातला नाही, म्हणूनच त्याला आणायचं.

आस्ताची ही शेवटची परीक्षा. तिला ऑर्हुसला सुईणीच्या शिक्षणाला जायचं होतं. तिथं जागा थोड्या आणि मुली ढीगभर. बाकीच्या विषयांचे गुण हाती होते. डॅनिशमध्ये बारापैकी सात मिळाले तर सरासरी बसत होती, चार मिळाले तर नाही. लिस्बेटला हे ठाऊक होतं. आस्ताच्या वर्गशिक्षकानं तिला सकाळीच कॉफीच्या यंत्रापाशी गाठून सांगितलं होतं.

आस्तानं चिठ्ठी उचलली. 'ओहोटीचं वर्ष.' लिस्बेटला वाटलं, सुटली पोर! तासाभराची तयारी करून आस्ता परत आली, कागद सरळ केले आणि बोलायला लागली.

"आनर्सचं निघणं हेच त्याचं मोठं होणं आहे. समुद्र म्हणजे घरची ओढ. ओहोटी म्हणजे जुनं नातं मागं सरणं. लेखक आपल्याला दोषाच्या पलीकडं नेतो..."

लिस्बेटनं मान डोलावली, आणि मग डोलावता डोलावता तिची मान थांबली. ही तिचीच वाक्यं होती. शब्दन् शब्द. फळ्यावर लिहिलेली, तेवीस वर्षं घासून गुळगुळीत झालेली. आस्ता ती खाली मान घालून, एकसुरात म्हणत होती. नुसती पोपटपंची. आठ पानं भरून भांडलेली मुलगी त्यात कुठंच नव्हती.

प्रेबेननं चष्मा खाली घेतला. "छान. आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

आस्तानं लिस्बेटकडं पाहिलं. लिस्बेटच्या हातात लाल पेन होतं.

"तेच," आस्ता म्हणाली.

"तेच म्हणजे?"

"आत्ता सांगितलं तेच."

अजून पाच मिनिटं हातात होती. प्रश्न विचारण्याचा हक्क लिस्बेटचा. एकच प्रश्न पुरे होता: एल्सेबद्दल काय म्हणशील? तीन-चार शब्द, आणि पोरगी उठून बसली असती. प्रश्न तोंडात आलाही होता. पण तो विचारला की आस्ता म्हणणार, तुम्ही तर हे विषयाला सोडून आहे असं लिहिलंत. या परक्या माणसासमोर. आणि तेही सोसलं असतं एक वेळ. खरं भय वेगळं होतं. त्या मुलीनं पुन्हा एकदा तोंड उघडून सांगितलं असतं की मागं राहिलेलीच वाट पाहतेय, आणि लिस्बेटला ते मान डोलावून ऐकावं लागलं असतं.

"समुद्राविषयी अजून थोडं सांग," लिस्बेट म्हणाली.

आस्तानं समुद्राविषयी अजून थोडं सांगितलं.

ती बाहेर गेल्यावर प्रेबेननं थर्मास ओढला. "पाठांतर आहे सगळं. पुस्तक उघडून तरी पाहिलंय की नाही, शंकाच आहे. चार."

"सात द्यायला हवेत."

"का?"

"वर्गात ती फार विचार करून बोलते."

"वर्गातलं इथं धरत नाहीत, ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आज काय बोलली ते सांग. एक तरी वाक्य तिचं स्वतःचं होतं?"

नव्हतं. आणि ती वाक्यं कोणाची होती, ते सांगायला लिस्बेटची जीभ रेटली नाही.

"तुला तिच्याबद्दल काही माहीत असेल तर सांग बाई," प्रेबेन जरा मऊ होऊन म्हणाला. "मला काही तिचं वाईट करायचं नाही."

"नाही," लिस्बेट म्हणाली. "काही नाही."

चार गुण पडले.

बाहेर अंगणात आस्ताचा बाप लाल-पांढरा झेंडा घेऊन उभा होता, कामावरच्या बुटांनिशीच आलेला. आई दोन काठ्यांवर. तिनं सुजलेल्या बोटांनी आस्ताच्या डोक्यावर शाळा संपल्याची पांढरी टोपी चढवली. ती तिरकीच बसली. कोणी ती सरळ केली नाही. दोघांनी लेकीला मिठी मारली आणि गुण विचारलेच नाहीत.

लिस्बेट जवळ गेली. शिक्षकांनी अभिनंदन करायचं असतं.

"आस्ता, तू नोव्हेंबरात जे बोलली होतीस, ते आज का नाही बोललीस?"

आस्ताला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही लिहिलं होतंत ना, विषयाला सोडून. मला सात हवे होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर लिस्बेटला बरं वाटलं असतं.

"आता ऑर्हुसचं काय?"

"पुढच्या वर्षी बघू," आस्ता म्हणाली आणि आईच्या कोपराखाली हात घातला. "एक वर्ष घरीच. आईला तेवढाच आधार."

मग ती तिघं गाडीकडं गेली. लिस्बेट खूप वेळ तिथंच उभी राहिली. पुढचा मुलगा आत चिठ्ठी उचलायला खोळंबला होता, प्रेबेन दारात येऊन हातवारे करत होता. "दहा मिनिटं," ती म्हणाली आणि सायकलींच्या छपराखाली गेली. तिथून तिनं टोवेला फोन लावला. वाढदिवस नव्हता, नाताळ नव्हता, त्यामुळं टोवे घाबरली.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. टोवे, तुझ्या पन्नाशीला मी तुला एक पुस्तक दिलं होतं."

"हो तर. 'हे पुस्तक म्हणजे मी', असं लिहून दिलं होतंस."

"वाचलंस?"

"म्हणजे काय! तू दिलेलं, नाही कसं वाचणार?" पलीकडं भांड्यांचा आवाज होत होता, मग तो थांबला. "सोळा वर्षांनी विचारतेस होय गं?"

"कसं वाटलं?"

टोवे ओशाळल्यासारखं हसली. "तू हसशील. तुझ्यासारखी मी शिकलेली नाही."

"नाही हसणार."

"अगं, माझी प्रत सदोष आली होती असं मला वाटलं. त्यात ती बहीण आहे बघ, कपडे वाळत घालणारी. भाऊ सांगतो, संध्याकाळी येतो. मी पुढं वाचतेय, वाचतेय, तिचं नावच नाही. म्हटलं, मधली पानं शिवायची राहिली असतील. तुला कशाला सांगू, तू एवढ्या हौसेनं दिलेलं. मग ग्रंथालयाची गाडी येते ना मंगळवारी, त्यातली प्रत घेऊन बसले आणि पानन् पान लावून पाहिलं." ती थांबली. "त्यातही नव्हती."

छपराखाली सायकलींना टेकून लिस्बेट रडत होती, चांगली साठी ओलांडलेली बाई, आणि अंगणातल्या झेंडेवाल्या माणसांना वाटत असेल की कोणाच्या तरी यशानं हिला भरून आलं आहे.

"लिस्बेट? आहेस ना?"

"आहे."

"तू तर मुलांना शिकवतेस ते पुस्तक. तुला ठाऊक असेल. पुढं काय झालं तिचं?"

"मला माहीत नाही, टोवे. मी कधी विचारलंच नाही."

"असू दे," टोवे म्हणाली. लहानपणी लिस्बेटच्या हातून काही फुटलं की ती अशीच म्हणायची.

"मी येते तुझ्याकडं. या शनिवारी."

"ये की." भांड्यांचा आवाज परत सुरू झाला. "पण कुठल्या गाडीनं ते आधी कळव हं. नुसतं 'येते' म्हणू नकोस."